बांधील निधी

ग्रामसभा रविवारी साडेदहाला. खुर्च्या चाळीस,
माणसं बावीस, त्यातली चार घरपट्टी भरायला आलेली.
मी लिपिक. इतिवृत्त लिहिते.
मत कुणी विचारत नाही, अक्षर मात्र चांगलं आहे म्हणतात.

विषय एक: खाजनाचा बांध.
सगुण वायंगणकर उठला, पोटरीवर चिखल वाळलेला.
मानशीच्या दक्षिणेला भगदाड पडलंय, म्हणाला,
परवा हात जात होता, आज मी जातो.
हशा झाला.
हशा इतिवृत्तात लिहीत नाहीत.

सरपंचबाई म्हणाल्या, पैसे आहेत.
आहेतच. पासबुक मी पाहिलंय.
अकरा लाख चाळीस हजार, पंचायतीच्या नावावर,
सासूच्या कपाटात ठेवलेल्या माहेरच्या सोन्यासारखे:
आपलेच, पण मागून घालायचे.

पण निधी बांधील आहे.
बांधील म्हणजे? इनास फर्नांडिसने विचारलं.
म्हणजे शौचालय, कचरा, पिण्याचं पाणी.
खाऱ्या पाण्याला लेखाशीर्ष नाही.
बांधील निधीत बांध बसत नाही.
हे वाक्य मी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

गेल्या वर्षी पणजीहून साठ कुंड्या आल्या, हिरव्या.
कुणी मागितल्या नव्हत्या. खर्च मात्र आमचा,
आमच्याच खात्यातून, आमच्याच ठरावाने,
जो ठराव टाइप होऊनच आला होता.
दोन कुंड्यांत इनास आता कोंडा ठेवतो.
झाकण घट्ट बसतं, म्हणतो. उंदीर जात नाहीत.

कपाटाच्या तळाशी एक जुनी वही आहे, कसर लागलेली.
मोडी मला अर्धीच येते. तरी एवढं लागतं:
मानशीचा लिलाव. मासळी धरण्याचा हक्क अमक्याला.
आलेल्या पैशांतून बांधाला माती, एकतीस होड्या.
पेटीच्या तीन किल्ल्या, तीन घरांत.
तिन्ही घरं गावकारांची, हेही खरं.
सगुणाच्या पणज्याकडे किल्ली नव्हती, फावडं होतं.
माझ्या पणजीचं नाव तर कुठल्याच पानावर नाही.
म्हणून त्या वहीवर मी उसासे टाकत नाही.
फक्त पाहते, लिलाव सोमवारी, माती गुरुवारी.

आता किल्ली एकच. निळी, अंगठ्याएवढी,
संगणकाला लावायची. ती सचिवांकडे.
सचिवांकडे तीन पंचायती.
अंदाजपत्रक गटविकास कार्यालयात,
तांत्रिक मंजुरी बांधकाम खात्यात,
तिथून प्रश्न आला: बांध नक्की कोणत्या खात्याचा?
जलस्रोत म्हणतं कृषीचा, कृषी म्हणतं मामलेदाराचा.
नदीने अजून कळवलेलं नाही.

गुरुवारी अमावास्या.
संध्याकाळपासून माणसं जमली, सभेपेक्षा जास्त.
माडाचे दोन सोट, पेंढा, चिखल,
पोत्यांत चिखल, पोत्यांवर चिखल.
सरपंचबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून
पुढच्या हातात पोती देत होत्या, तोंडाने हिशेब चालू.
पोती माझ्याच नवऱ्याच्या दुकानातली. उधार.
भरती आली, बांधाच्या कडेला वीतभर खाली थांबली,
थोडी घुटमळली, गेली.
पलीकडे कोरगुटाची रोपं अंधारात होती तशीच.

तेराव्या दिवशी पत्र.
विनामंजुरी काम. कोणाच्या आदेशाने?
खर्च कोणत्या शीर्षाखाली? पोत्यांची तीन दरपत्रके?
सात दिवसांत खुलासा करावा.

मी मसुदा केला:
भरती रात्री अकरा पन्नासला होती.
बाकी पान कोरं.

सरपंचबाईंनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.
म्हणाल्या, आवक नंबर घाल.
जावक, मी म्हटलं.
हो, जावक. सवय नाही गं.

पत्र टेबलावर आहे, वर पेपरवेट.
त्यावर सचिवांची सही लागते.
ते शुक्रवारी येतात.